सावली कुणाची?

पाखरे पाहण्यासाठी जंगलात जाणे हे काम आहे की रिकामपण, हा प्रश्न आपल्या समाजात अजून हसण्यावारी नेला जातो. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटे निघालेला माणूस दिसला की मोहल्ल्यात कुणीतरी विचारतोच, "क्या मास्टर, तीतर-बटेर कुछ मिला?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. जंगलात जाणारा मुसलमान एक तर शिकारी असणार, नाही तर लाकडाच्या किंवा तेंदूपत्त्याच्या धंद्यातला, अशी जुनी समजूत आहे. अहेरी-आलापल्लीच्या भागात ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ट्रकवर, आरागिरणीवर, तेंदूपत्त्याच्या हंगामात मुन्शी म्हणून आपली पुष्कळ माणसे या बाजूला आली आणि इथेच राहिली. जंगलाचे आणि आपले नाते मालाचे होते. नुसते पाहायला जाणे आणि रिकाम्या हाताने परत येणे त्या नात्यात बसत नाही.

तरी मला वाटते, हा प्रश्न एक पाऊल पुढे न्यायला हवा. वेळ वाया जातो का, हा मुद्दा किरकोळ आहे. चहाच्या टपरीवर त्याहून अधिक वेळ वाया जातो आणि त्याचा हिशेब कुणी मागत नाही. खरा मुद्दा असा की, काही न मारता, काही न तोडता, नुसते पाहून परतणारा माणूस निर्दोष असतो का? पाहणे ही कृती आहे की नाही? आणि कृती असेल तर तिचे हलाल-हराम काय?

हा विचार आत्ताच करण्याचे कारण आहे. सुमारे चार दशके गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात दुर्बीण घेऊन रानात फिरणे शहाणपणाचे नव्हते. दुर्बीणवाला कुणाच्या वतीने पाहतो आहे, हा संशय दोन्ही बाजूंना येऊ शकत होता. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. भीती कमी झाली तसे नागपूर-पुण्याचे लोक भामरागडची, कोलामार्काची चौकशी करू लागले. इथे चपराळा अभयारण्य १९८६पासून आहे, भामरागडचे १९९७पासून, प्राणहितेचे २०१४मध्ये जाहीर झाले. कागदावर अभयारण्ये होती, पाहुणे नव्हते. आता पाहुणे येतील. ते येण्याआधी पाहुण्याची रीत काय, हे बोलून घेतलेले बरे.

कुरआनात पाहण्याला कमी लेखलेले नाही. डोक्यावरून पंख पसरत आणि मिटत जाणाऱ्या पाखरांकडे लोकांचे लक्ष वेधणारी आयत सूरह अल्-मुल्कमध्ये आहे. जमिनीवर फिरून पाहा, असे अनेक ठिकाणी बजावलेले आहे. सूरह अल्-अनआममध्ये तर चालणारे प्राणी आणि उडणारे पक्षी यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलेले आहे. हा शब्द आपण फार सहज वाचून जातो. उम्मत म्हणजे कळप नव्हे. उम्मतीला तिची रीत असते, तिची वस्ती असते, आणि परक्याने त्या वस्तीत कसे शिरावे याचे काही नियम असतात.

आपल्यापैकी ज्याने हे पाहणे आयुष्यभराचे काम केले, त्या सालिम अलींची सुरुवात एका धार्मिक शंकेपासून झाली, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटते. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा सुलेमानी बोहरा घरातला पोरका मुलगा मामांकडे वाढला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते. मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाणे मुसलमानाला चालेल का? मामांना नेमके सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. तिथे त्या मुलाला पेटाऱ्यात भरून ठेवलेली शेकडो पाखरे पाहायला मिळाली. 'खाऊ का?' या प्रश्नाची जागा 'ही कोण?' या प्रश्नाने घेतली. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र सरकार २०२०पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळते. सोलापूरचा वनाधिकारी आणि मुंबईचा बोहरा, दोघांच्या मध्ये पाखरांचा आठवडा. आपल्या राज्यात असे कितीतरी चांगले योगायोग होत असतात. त्यांची बातमी होत नाही.

पण सालिम अलींच्या हातात बंदूक पुढेही राहिली. नमुने जमवण्यासाठी त्यांनी पुष्कळ पाखरे मारली आणि ते लपवलेही नाही. त्या काळात पाखराची ओळख हातात घेतल्याशिवाय पटत नसे. पुढे दुर्बिणी चांगल्या झाल्या, कॅमेरे आले, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. बंदुकीची जागा डोळ्याने घेतली आणि त्याबरोबर एक समाधानही आले की आता आपण कुणाचे काही घेत नाही. हे समाधान मला तपासून पाहायचे आहे, आणि त्यासाठी अहेरीच्या नदीवर यावे लागेल.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, अहेरीजवळून वाहते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. फेब्रुवारीनंतर पाणी उतरते आणि पात्रात रेतीची बेटे उघडी पडतात. या बेटांवर नदी सुरय नावाचे पाखरू अंडी घालते. करडे अंग, काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. पाण्यावर तरंगत जाताना पाहावे असे देखणे. घरटे म्हणजे रेतीत पोटाने केलेला खळगा, काडी नाही की गवत नाही. त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. ती रेतीत इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रेती हाताला लावता येत नाही. तेव्हा ती मादी किंवा नर अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नाही, सावली देण्यासाठी. ऊन फार झाले की ही पाखरे पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात. माणूस बेटावर आला की सगळा थवा उठतो, डोक्यावर घिरट्या घालतो, ओरडतो. पाहणाऱ्याला वाटते, काय सुंदर दृश्य! फोटो उत्तम येतो. आणि त्या मिनिटांत खाली अंडी भाजत असतात. कावळे आणि कुत्रीही याच संधीची वाट पाहत असतात. माणूस परत जातो तेव्हा त्याच्या हातून काहीच झालेले नसते. त्याने दगड उचललेला नसतो, अंड्याला हात लावलेला नसतो. तो फक्त आला होता.

नागपूरला राहणारा माझा एक भाचा मोठी लेन्स घेऊन आला तेव्हा याच बेटावरून आमच्यात थोडे वाजले. "मामू, बस दो मिनट. पैर भी संभाल के रखूंगा," असे तो म्हणत होता. मी म्हटले, "बेटा, पैर का सवाल ही नहीं है." तो फुरंगटून बसला. इतक्या लांब आणून आता काठावर उभे करता, असे त्याचे म्हणणे. ज्याच्या डोंग्यातून आम्ही निघालो होतो तो ढिवर मधेच बोलला, "मास्तर, पोराले सांगा, सकाळच्या पारी अठूनच पाहून घे. दुपारी त्या बेटाकडे आमीबी नाही जात." हा माणूस रेतीत टरबुजाची वाडी लावतो. पाखरांच्या अंगाने त्याने वेल नेलेले नाहीत. त्याला हे कुणी शिकवले, असे मी विचारले नाही. विचारले असते तर त्याला तो प्रश्नच विचित्र वाटला असता. भाच्याने काठावरून फोटो काढले. ते त्याला पसंत पडले नाहीत. अजून तो मला त्यावरून टोमणे मारतो.

त्या वेळी त्याला सांगायची राहून गेलेली एक गोष्ट इथे सांगतो. मक्का जिंकल्यानंतर पैगंबर साहेबांनी (स.) त्या शहराच्या हरमचे नियम सांगितले. त्यात शिकारीला मनाई तर आहेच, पण त्याच्या आधीची एक मनाई आहे: तिथले जनावर बिचकवूही नये. बुखारी शरीफमध्ये या हदीसीला जोडून हजरत इब्न अब्बासांचे शागीर्द इक्रिमा यांचा खुलासा येतो. बिचकवणे म्हणजे काय, ठाऊक आहे का, असे ते समोरच्याला विचारतात आणि स्वतःच सांगतात की, जनावराला सावलीतून उठवून त्या जागी आपण बसणे.

मी अनेक वर्षे पक्षिनिरीक्षणाचे नियम वाचत आलो आहे. भडक कपडे घालू नका, बोलू नका, घरट्याजवळ जाऊ नका. सगळे योग्यच आहेत. पण तेराशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या एका आलिमाने सावलीचे जे उदाहरण दिले, त्याच्याइतके नेमके मला कुठे सापडले नाही. उन्हाच्या देशात सावली ही मिळकत आहे. ती जनावराची असू शकते आणि तुम्ही दमलेले असाल तरी ती तुमची होत नाही, हे त्यात आहे. प्राणहितेच्या बेटावर पाखरू स्वतःच सावली झालेले असते, एवढाच फरक.

मक्केच्या हरमचा कायदा गडचिरोलीच्या नदीला लागू होत नाही, हे मला कळते. मी फतवा देत नाही. तो माझा अधिकार नाही. पण हुकमाच्या आत अदब असते आणि अदब दुसरीकडे नेता येते. 'हराम' हा शब्द आपल्याकडे शिवीच्या अंगाने वापरून झिजला आहे. हरम आणि हराम यांचे मूळ एकच. जे मना आहे ते आणि जे सुरक्षित आहे ते, दोन्ही एकाच धातूतून निघतात. मराठीतल्या 'अभयारण्य' शब्दातही तेच आहे: जिथे भय नाही असे रान. भय कुणाला नाही, याचे उत्तर मात्र आपण सोयीने देतो. पर्यटकाला भय नाही, असा त्याचा अर्थ होऊन बसला आहे.

त्याचा नमुना दूर शोधायला नको. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे ५ बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले. चित्रफीत सगळीकडे फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली. गाड्यांत बसलेले लोक वाईट नव्हते. त्यांनी पैसे भरून परवाना घेतला होता, वाघावर त्यांचे प्रेमही असेल. त्यांना वाघीण पाहायची होती, एवढेच. 'एवढेच' या शब्दाखाली काय काय दडते, ते त्या दिवशी दिसले.

सूरह अन्-नूरमध्ये पंख पसरलेली पाखरेही अल्लाहची तस्बीह करतात आणि प्रत्येकाला आपली नमाज ठाऊक असते, असे येते. ते मी केवळ काव्य म्हणून वाचत नाही. मशिदीत नमाजीच्या समोरून जायचे नाही, हे आपल्या पोरालाही माहीत असते. त्याचे पाप कळले तर माणूस चाळीस थांबेल पण समोरून जाणार नाही, अशी हदीस आहे. चाळीस दिवस, महिने की वर्षे, हे आपल्याला आठवत नाही, असे रावी प्रामाणिकपणे सांगतो. जुम्म्याला घाईत असलेला माणूसही सुतऱ्यामागून वळसा घेतो. तोच माणूस तळ्यावर गेला की चरणाऱ्या बदकांच्या थव्यात सरळ चालत जातो, कारण उडताना त्यांचा फोटो छान येतो. त्याला वळसा घेता येत नाही असे नाही. तिथे नमाज चालू आहे, असे त्याला वाटत नाही.

आता पाहण्याच्या पुढची पायरी: दाखवणे. एहराममधल्या माणसाला जमिनीवरची शिकार मना आहे. हुदैबियाच्या प्रवासात हजरत अबू कतादा एहराममध्ये नव्हते, त्यांचे सोबती होते. त्यांना रानगाढव दिसले. घोड्यावर चढल्यावर त्यांनी खाली राहिलेला चाबूक मागितला, तर सोबत्यांनी तोही उचलून दिला नाही. शिकार झाल्यावर मांस खावे की नाही, असा पेच पडला. पैगंबर साहेबांनी (स.) विचारले ते एवढेच की, तुमच्यापैकी कुणी त्याला सांगितले होते का, किंवा त्या जनावराकडे बोट दाखवले होते का? नाही म्हटल्यावर खायला परवानगी मिळाली. म्हणजे बोट दाखवणारा शिकारीत सामील धरला जातो. बाण दुसऱ्याचा असला तरी.

आज बोट दाखवण्याची साधने खिशात आहेत. घुबडाचे घरटे सापडले की अर्ध्या तासात त्याचा फोटो आणि जागा शे-दोनशे लोकांना कळते. त्या रविवारी तिथे दहा मोटारी उभ्या राहतात. कुणीतरी मोबाइलवर त्याच पाखराचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावतो. हद्दीत दुसरा नर आला असे समजून ते धावत येते, ओरडते, कुणीच सापडत नाही, पुन्हा ओरडते. इमाम बुखारींच्या नावाने सांगितला जाणारा एक किस्सा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकला आहे. हदीस ऐकायला ते फार दूरवर एका माणसाकडे गेले, तेव्हा तो रिकामा पदर पुढे करून, त्यात दाणे आहेत असे भासवून, सुटलेल्या जनावराला जवळ बोलवत होता. जो जनावराला फसवतो त्याच्याकडून हदीस कशी घ्यावी, असे म्हणून ते परत फिरले. किस्सा खरा की रचलेला, यावर आलिमांनी बोलावे. मोबाइलवर आवाज लावणाऱ्याला मी तो सांगतो. काही हसतात, काही मोबाइल खिशात ठेवतात.

पण बोट दाखवूच नये, असे म्हणणेही सोपे नाही. आमच्या दक्षिणेला सिरोंचा आहे. तिथल्या परिसरात एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्ड या इंग्रजाने जर्डनचा धाविक हा पक्षी नोंदवला होता. झुडपी माळावर रात्री धावणारे, फार थोड्यांनी पाहिलेले हे पाखरू. १९००नंतर ते कुणाला दिसेना आणि संपले असे धरले गेले. १९८६च्या जानेवारीत आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात ते पुन्हा मिळाले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भारत भूषण शोध घेत होते, पण पाखरू पकडले ते ऐतन्ना या स्थानिक माणसाने, रात्री बॅटरीच्या उजेडात. शिकारीची सवय असलेल्या त्या माणसाला ते कुठे धावते हे ठाऊक होते. पकडलेला पक्षी जगला नाही. मात्र त्या शोधामुळेच तिथे श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य झाले. हे बोट दाखवणे चांगले की वाईट? मला त्याचा तराजू सापडलेला नाही. एक पाखरू गेले आणि त्याच्या जातीला रान मिळाले, एवढे खरे.

आणि न पाहण्याचेही पाप असते. १९९०च्या दशकात गिधाडे संपत चालली तेव्हा ती कुणी मारत नव्हते. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात जात होते. आपल्या गावाकडे कातडी सोलणाऱ्यांनी, खाटकांनी, गुराख्यांनी सांगितले असेल की हल्ली मेलेले गुरू पडून राहते. त्यांचे कुणी लिहून घेतले नाही. भरतपूरच्या रानात विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडे मोजली होती, म्हणून पुढे ती कमी झाल्याचे आकड्यांत सांगता आले. कारण २००४ साली कळले, २००६मध्ये जनावरांसाठी ते औषध भारतात बंद झाले. तोवर काही जातींतली शंभरातली पंच्याण्णवहून अधिक गिधाडे गेलेली होती. कुणी वर्षानुवर्षे पाहत, मोजत बसलेले नसते तर आपल्याला शोकही करता आला नसता. म्हणून पाखरे पाहणे रिकामपण आहे असे म्हणणाऱ्याला माझे उत्तर तयार आहे. माझी अडचण त्याच्याशी नाही. माझी अडचण पाहणाऱ्यांच्या भोळेपणाशी आहे, आणि सावलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग तिथेच सुरू होतो.

हा दुसरा भाग माणसांचा आहे. अहेरी, भामरागड, एटापल्लीच्या रानात माडिया राहतात. आपण ज्याला अभयारण्य म्हणतो ते त्यांचे घर, बाजार, देवस्थान आणि कब्रस्तान आहे. मोह वेचणे, तेंदू तोडणे, बांबू आणणे, मासे धरणे आणि शिकार, यांवर ते जगत आले. गोंडांच्या अनेक कुळांना एखादा प्राणी, पक्षी किंवा झाड पूज्य असते. त्या कुळाने त्याला मारायचे नाही. पण सगळेच मना नाही. इथे शहरातला पक्षिमित्र अडखळतो. पाखरू मारणारा माडिया त्याला गुन्हेगार दिसतो.

हेमलकशाला १९७३पासून चालणाऱ्या लोकबिरादरी प्रकल्पाची हकिकत पुष्कळांना माहीत आहे. डॉ. प्रकाश आमटे यांना वाटेत माडिया भेटले, त्यांच्याकडे मारलेले माकड होते आणि त्याच्या छातीला जिवंत पिल्लू चिकटलेले होते. आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतले, त्याच्या बदल्यात धान्य दिले. तिथून त्यांच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली. या हकिकतीत मला मोठे वाटते ते पिल्लू वाचवणे नव्हे. आमट्यांनी त्या भुकेल्या माणसांना पापी म्हटले नाही, हे मोठे आहे. आधी धान्य, मग पिल्लू. आपल्या फिकहनेही पोटासाठीची शिकार आणि शौकाची शिकार वेगवेगळी धरली आहे. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी फिर्याद करील, असे हदीसीत आहे. भुकेसाठी मारलेलीबद्दल तसे नाही. मग मला विचारावेसे वाटते की, भुकेल्याची शिकार आणि पोट भरलेल्याचा फोटो, यांत फिर्याद कुणाविरुद्ध अधिक होईल?

राखीव रानाची कल्पना आपल्या परंपरेत नवी नाही. तिला 'हिमा' म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी सरकारी जनावरांसाठी अशी कुरणे राखली आणि एका कुरणावर हुनै नावाच्या आपल्या सेवकाला नेमले. त्याला दिलेली ताकीद बुखारीत आहे. थोडी उंटे, थोडी मेंढरे असलेल्यांना आत येऊ दे. इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांची जनावरे मात्र बाहेर ठेव. हे दोघे कोण, ते वाचकांना सांगायला नको. मोठे सहाबी आणि मोठे धनवान. त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे खजुरी आहेत, शेती आहे. गरिबाची मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दारात उभा राहील. आणि पुढे हजरत उमर जे मान्य करतात ते कुठल्या राज्यकर्त्याने मान्य केल्याचे मी ऐकलेले नाही: या लोकांना वाटते की मी त्यांच्यावर जुलूम केला, कारण हा मुलूख त्यांचाच आहे.

हे वाचून मी अभयारण्याच्या फाटकाकडे पाहतो. तिथे उलट व्यवस्था दिसते. तिकीट काढू शकणारा आत जातो. मोळी आणायला निघालेल्या बाईला विचारणा होते. इब्न औफची उंटे आत आणि दोन शेळ्यांची मालकीण बाहेर. २००६च्या वनहक्क कायद्याने हे थोडे बदलले. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पण २०२१नंतर सुरजागडचे लोहखनिज आलापल्लीच्या रस्त्यांनी बाहेर पडू लागले, तेव्हा धुळीने माखलेल्या झाडांवरचा पक्षी मोजायला शहरातून फार कुणी आले नाही. ज्याने डोंगर उचलला त्याला रान मोकळे आणि ज्याने मोह वेचला त्याला प्रश्न, हे हुनैला दिलेल्या ताकिदीत बसत नाही.

यातून काय करावे? मी जाणे सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. पण जाताना आपण इब्न औफच्या बाजूचे आहोत, हे ध्यानात ठेवतो. गावात आधी भेटायचे, गावातलाच वाटाड्या घ्यायचा, त्याने नको म्हटलेल्या जागी जायचे नाही, त्याची मजुरी घासाघीस न करता द्यायची. चांदागडच्या रस्त्यावर कोंबडीच्या भावासाठी भांडणारा आपला माणूस इथेही तसाच वागतो, म्हणून हे लिहावे लागते. सापडलेल्या घरट्याची जागा मी वहीत लिहितो, वहीबाहेर नाही.

आलापल्लीहून भामरागडच्या वाटेवर 'वनवैभव' आहे. १९५३पासून सहा हेक्टर रान हात न लावता राखलेले. सागाची, ऐनाची जुनी उंच झाडे, पडलेले खोडही उचलायचे नाही. २०१४मध्ये त्याला राज्यातला पहिला जैवविविधता वारसा म्हणून मान्यता मिळाली. सागवान कापण्यावर वाढलेल्या गावाने एवढा तुकडा न कापता ठेवला, याचे मला नवल वाटते. पक्षी सप्ताहात मी मोहल्ल्यातली आठ-दहा मुले तिथे नेतो. दुर्बीण एकच असते, पाळीपाळीने पाहायची. पहिला अर्धा तास कुणी चालायचे नाही, एका जागी बसायचे. मुलांना ते फार जड जाते. मग हळूहळू वर हरियालांचा थवा हालचाल करू लागतो, कोतवाल बोलतो, एखादे वेळी शेकरू एका शेंड्यावरून दुसऱ्यावर झेप घेते आणि मुलांच्या तोंडून आवाज निघतोच.

मागच्या खेपेला त्यांना एहरामची गोष्ट सांगितली. एका पोराने लगेच विचारले, "सर, एहराममध्ये मासे पकडायला चालतात ना? कुरआनात आहे." आहे खरे, सूरह अल्-माइदामध्ये पाण्यातली शिकार मोकळी ठेवली आहे. "मग प्राणहितेच्या अभयारण्यात का नाही चालत? ढिवर काय खाईल?" मी त्याला १९७२चा कायदा सांगितला, हुनैची गोष्ट सांगितली. त्याचे समाधान झाले नाही. तो प्रश्न त्याने परतल्यावर मशिदीत मौलानांना विचारला. मौलाना म्हणाले, पुढच्या जुम्म्याला सांगतो. दोन जुम्मे झाले, पोरगा दर वेळी पहिल्या सफेत जाऊन बसतो.